हनोखकाकांची प्रार्थना आणि सॅक्सोफोन

बाळांनो, एका जंगलात वाघ राहतो, कोल्हा राहतो, हे तुम्हाला पाठच आहे. त्या जंगलापलीकडे खाडीकाठी एक गाव होतं. तिथे समिती राहत होती.

गावच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात, हनोखकाका चाळीस वर्षं प्रार्थना गात होते. ऐकणारे तेवढीच वर्षं डुलक्या काढत होते.

एकदा काकांचा पुतण्या एलिशा मुंबईहून कायमचा परतला. हॉटेलांत जॅझ वाजवता वाजवता त्याचे केस पिकले होते. दोन-चार गुरुवार त्याने प्रार्थना ऐकली आणि न राहवून विचारलं, "काका, तुम्ही दर वेळी वेगळंच गाता?"

"हळू बोल," काका कुजबुजले. "वडिलांची चाल मधेच विसरतो. मग जीव नेईल तिकडे जातो आणि कसाबसा आमेनपाशी पोहोचतो."

"अहो, यालाच आम्ही जॅझ म्हणतो!"

शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या पवित्र दिवशी, वाद्य वर्ज्य. म्हणून पुढच्या गुरुवारी एलिशाने सॅक्सोफोन आणला. काकांनी हिब्रू ओळ उचलली, सॅक्सोफोनने ती झेलली. काका थबकले. वडील गाताना रडवेले होत, तसंच ते पितळ रडत होतं. काकांनी डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा, न घाबरता, चाल विसरले.

"हे पाप आहे," शिमशोनशेठ म्हणाले. ते सिनेगॉगचे प्रमुख, म्हणजे मुकादम.

पण दुसऱ्या गुरुवारी परगावची माणसं आली. बसायला जागा उरली नाही. तिसऱ्या गुरुवारी मुकादम म्हणाले, "ही आपली प्राचीन परंपरा आहे."

परंपरा म्हटली की जपायला हवी. समितीने त्या दिवशीचं गाणं यंत्रात भरून घेतलं आणि नियम केला : यापुढे अगदी अस्संच गायचं.

चौथ्या गुरुवारी काका तिसऱ्याच ओळीला भलत्या वाटेने गेले. सॅक्सोफोन मागोमाग गेला.

"थांबा!" मुकादम ओरडले. "परंपरा मोडलीत!"

"अहो शेठ, मोडली म्हणूनच तर झाली ना ती?" एलिशा म्हणाला.

समितीने दोघांना घरी बसवलं आणि गायला यंत्र बसवलं. यंत्र एकदाही चुकलं नाही. माणसं मात्र हळूहळू येईनाशी झाली.

एका गुरुवारी पंचाईत झाली. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. आले होते नऊ. पलीकडे काकांच्या ओटीवर दोघांचं गाणं रंगलं होतं.

"काकांना हाक मारू का?" एकाने विचारलं.

"नियम म्हणजे नियम," मुकादम म्हणाले. त्यांनी खुंटीवरची प्रार्थनेची टोपी काढली आणि यंत्राला घातली.

"मोजा. दहा."

तात्पर्य : चुकणाऱ्या माणसापेक्षा न चुकणारं यंत्र केव्हाही बरं. देवाची हरकत असल्यास त्याने लेखी कळवावं.