पावणं, जेवलासा काय?

वरच्या मजल्यावरचे बापू कुठल्याही हेल्पलाइनला फोन लावोत, पलीकडच्याला आधी विचारतात, "पावणं, जेवलासा काय?" तक्रार नंतर. एकदा गॅसचा वास येत होता, तेव्हाही नंतर.

मी आमच्या कसबा बावड्यातल्या सोसायटीची सेक्रेटरी. जिन्यात मी एक तक्ता लावलाय. वीज, पाणी, गॅस, अग्निशमन, रुग्णवाहिका, महिलांसाठी, ज्येष्ठांसाठी. तातडीचे नंबर लाल, बाकीचे निळे, वर लॅमिनेशन. खाली सूचना: फोन करण्यापूर्वी ग्राहक क्रमांक हाताशी ठेवा. या तक्त्याचा आजवर एकच उपयोग झाला. त्याच्या खिळ्याला शिंदे वहिनी दुधाची पिशवी अडकवतात.

अडचण आली की सगळे तक्त्यावरून पुढे जातात आणि बापूंचं दार वाजवतात. माझ्या पोटात दुखतं. लपवण्यात अर्थ नाही.

एकदा सभेत मी समजावून सांगितलं, की हॉटलाइन वेगळी आणि हेल्पलाइन वेगळी. हॉटलाइन म्हणजे नंबर न फिरवता थेट एका माणसापर्यंत जाणारी लाइन. सगळे मन लावून ऐकत होते. मग मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे आमचे बापूच की." टाळ्या पडल्या, त्या बापूंना.

गेल्या महिन्यात फक्त आमच्याच घरातली लाईट गेली. मी तक्त्याप्रमाणे तक्रार केंद्राला फोन लावला. मराठीसाठी एक, तक्रारीसाठी दोन, मग बासरी. चष्मा लावून ग्राहक क्रमांक हातात धरून बसले, तेवढ्यात फोन कटला. पुन्हा लावला, पुन्हा बासरी. शेवटी जिना चढले.

बापूंनी तोच नंबर लावला आणि स्पीकर सुरू केला.

"पावणं, जेवलासा काय?"

"न्हाय ओ बापू, अजून डबा बी उघडला न्हाय," पलीकडचा हसला. "आज कुणाची गेली?"

"आमच्या शेक्रेटरी वैनींची. जरा बघा की. आन् मग जेवा निवांत."

मी खाली येऊन चहा टाकला, तर वायरमन दारात. माझा ग्राहक क्रमांक कुणी विचारलाही नाही.

चहाचा कप घेऊन मी वर गेले. आभार मानायला कमी, गुपित काढायला जास्त.

"बापू, हे जेवणाचं काय लावलंय तुम्ही?"

"वैनी, मी एसटीत चौकशीच्या फोनवर हुतो. उचलला की शिव्या. चंदगडची गाडी का आली न्हाय? आता गाडी काय मी गिळली व्हय? उभ्या नोकरीत एकानं इचारलं न्हाय, बाबा, तू जेवलास काय."

"आणि आता?"

"आता बी त्येच की. फोन वाजला म्हंजी कुणाची तरी लाईट गेली."

हे ते हसतच म्हणाले आणि चहा बशीत ओतून घेतला. ओट्यावर धुतलेलं एकच ताट पालथं घातलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना फोन लावला. नंबर शिंदे वहिनींकडून घ्यावा लागला. सोसायटीत तो फक्त माझ्याकडेच नव्हता.

"बापू, जेवलासा काय?"

"कुणाची गेली?"

"कुणाची नाही. सहज केला."

पलीकडे टीव्ही मोठ्यानं चालू होता.

"थांबा हं वैनी," ते म्हणाले, "ह्येचा आवाज बारीक करतो."