ताराचा पाळणा अडला

भंतेजींची बुद्धवंदना आटोपली होती, पाळणा सजला होता, आणि नेमका तेव्हाच सौरभच्या खिशातला मोबाइल वाजला. पाटोद्यात घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करणाऱ्या सौरभनं सकाळी मोठ्या हौसेनं ऑफिसच्या ग्रुपवर लेकीचं ठरलेलं नाव टाकलं होतं. कंपनीतल्या एका रशियन माणसानं कळवलं होतं, 'अभिनंदन! गंमत म्हणजे आमच्या भाषेत तारा म्हणजे माल भरायची खोकी, रिकाम्या बाटल्या वगैरे.'

सौरभनं तो मेसेज दोनदा वाचला. लेकीनं शिकायला परदेशात जायचं, हे त्यानं ती जन्मायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. तिथं कुणी तिला खोकं म्हणून हसलं तर? बापानंच पोरीचं जन्माचं हसं करायचं? तो तडक आतल्या खोलीत गेला.

"चैताली, नाव बदलावं लागतंय. रशियनमधी तारा म्हंजी खोकी!"

"आता?" बाळाला दुपट्यात गुंडाळणारी बायको जागच्या जागी थांबली. "केकवर लिवलंय की वो!"

"उमा ठिवू." सौरभचं बोट मोबाइलवर पळू लागलं. "थांब. जपानीत उमा म्हंजी घोडा. माला? छे, स्पॅनिशमधी माला म्हंजी वाईट. इरा... त्याच भाषेत राग!"

"त्यो मला आत्ताच यायलाय," चैताली म्हणाली.

तेवढ्यात त्याची आई मुक्ताबाई धावत आली. "आरं, बारा वाजायला आले! भंतेजी बारानंतर अन्नाला शिवत न्हाईत. आन् नाव ठिवल्याबिगर पंगत बसवायची न्हाई, म्हनून तुजी बहीन अडून बसलीय. दारी आलेले भंतेजी उपाशी गेले तर गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हाईल का?"

सौरभनं बाहेर डोकावून पाहिलं. भंतेजी डोळे मिटून शांत बसले होते. ते ध्यान होतं की भूक, हे कळायला मार्ग नव्हता. खिरीवर साय धरू लागली होती. पोरीच्या नावात काहीतरी खोट निघाली, अशी कुजबुज पाहुण्यांत सुरू झाली होती. सौरभनं हात टेकले आणि बाळाला बाहेर आणून पाळण्यात ठेवलं.

"अक्का, ठिव ताराच."

त्याची थोरली बहीण सत्यशीला खास या मानासाठी माजलगावहून आली होती. नाव आत्यानंच ठेवायचं. आतलं सगळं बोलणं तिनं ऐकलं होतं. ती पाळण्यापाशी हाताची घडी घालून उभी राहिली.

"खोक्याचं नाव मी माज्या भाचीच्या कानात सांगनार न्हाई."

"अगं, आपल्यात तारा म्हंजी चांदनी!"

"मंग एवढा वेळ बोंबलत कावून होतास?"

मघाशी जे नाव मोडीत काढलं, त्याचीच वकिली करायची पाळी सौरभवर आली. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बाराकडं सरकत होता, मुक्ताबाईनं कपाळाला हात लावला होता. सौरभ जिवाच्या आकांतानं मोबाइल धुंडाळू लागला.

"हे बघ! आयर्लंडात तारा नावाची टेकडी हाय. जुन्या राजांची. लई मानाची!"

"राजांची?"

"राजांची!"

"मंग आदी सांगायचं न्हाई का, येड्या!"

सत्यशीला पाळण्यात वाकली, बाळाच्या कानाशी लागली आणि मग खणखणीत आवाजात म्हणाली, "तारा!" टाळ्या पडल्या. भंतेजींचं ताट लगोलग मांडलं गेलं. त्यांनी खीर दोनदा मागून घेतली आणि बाराच्या आत हात धुतले. मुक्ताबाईच्या जिवात जीव आला.

सत्यशीलेला मात्र राहवेना. पंगतीत वाढता वाढता ती एकेकीला थांबवून सांगत सुटली, "आमच्या पोरीचं नाव साधंसुदं न्हाई बरं. राजाची टेकडी हाय!"

उन्हं कलली तेव्हा शेजारची बबिता दारात आली. "टेकडी झोपली का वो?"

"तारा!" सौरभ ओरडला. "तारा नाव हाय तिचं!"

त्या आवाजानं बाळ दचकून उठलं आणि रडू लागलं. आतून पाळण्याची दोरी कुरकुरली, आणि पाठोपाठ चैतालीचा लाडिक आवाज आला.

"उगी, उगी, माजी टेकडी ती!"