तुटक रेघेवर कात्री चालत नाही

“घे बाई, घे मापं! तू ब्लाउज शिवेस्तोवर घर राहतंय कुठे माझं!”

मागच्या गल्लीतल्या काकू पुटपुटल्या. मी त्यांच्या काखेत टेप धरून उभी होते, त्यामुळे कुरकुर थेट माझ्या कानात शिरली.

“का हो, काय झालं?”

“पालिकेत नकाशा लागलाय. शहर वाढवायचंय म्हणे. आपल्यातून रस्ता नेणार, मोठ्ठा! हरकत घ्यायला तीस दिवस. पण तो नकाशा वाचता कुणाला येतोय?”

“मला!”

आता हे मी उगाच नव्हते म्हणाले. शाळा माझी सातवीला सुटली, पण शिवण मी पुस्तकातले कटिंगचे नकाशे बघून एकटीनं शिकले. तीस वर्षं रेघाच वाचतेय. रस्ता काय नि बाही काय, कागदावर सगळं सारखंच!

आणि खरं सांगू? घाबरलेही होते. आमचं घर सासऱ्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलेलं. ते गवंडी. गेल्या वर्षी पडले ते पलंगालाच लागले. धाकटे दीर चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतात, लिफ्ट नाही. घर गेलं तर आम्हाला भाड्याची एक खोली, आणि तीत माझं मशीन आधी जाणार. मग बाबांना कुणी न्यायचं? हा प्रश्न घरात झाकलेल्या पातेल्यासारखा पडून होता. आत काय आहे ते सगळ्यांना ठाऊक, झाकण कुणी उचलत नव्हतं. घर वाचलं की प्रश्नच मिटला! म्हणून मी पेटले.

पालिकेत जाऊन मी नकाशा खाकी कागदावर उतरवून आणला आणि कटिंगच्या टेबलावर पसरला. दोन्ही गल्ल्या भोवती जमल्या.

“हे बघा. सलग रेघ म्हणजे कापायची. तुटक रेघ म्हणजे नुसती शिलाई. तिच्यावर कात्री चालत नाही!”

तुटक रेघ आमच्या घरावरून गेली होती, पार बाबांच्या पलंगावरून. सलग रेघ होती मागच्या गल्लीत, काकूंच्या दारासमोर. काकूंनी हंबरडा फोडला. मी त्यांना धीर दिला आणि रात्रंदिवस खपून मागच्या गल्लीच्या एक्केचाळीस हरकती लिहिल्या. आमच्या गल्लीला सांगितलं, “तुम्ही निवांत राहा. आपल्याकडे तुटक आहे!”

आमची गल्ली अशी निवांत झाली, की एकानं घराला रंगसुद्धा दिला.

मध्येच दोन माणसं येऊन आमच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत टेप ताणून गेली. बाबांनी पडल्या पडल्या विचारलं, “कसलं माप रे?”

“गटाराचं, बाबा,” हे म्हणाले.

“गटाराचं? त्यातून काय जहाज नेणार आहेत?”

आम्ही सगळे नको तितके हसलो.

पस्तिसाव्या दिवशी आमच्या दारावर नोटीस चिकटली. घर रिकामं करा! मी तशीच, गळ्यात टेप घेऊन, पालिकेत धावले. नगररचनेच्या टेबलावरचा कारकून उसवलेल्या उशीसारखा खुर्चीत पसरला होता.

“साहेब, चूक झालीय. आमच्याकडे तुटक रेघ आहे!”

“बरोबर. तुटक म्हणजे नवा रस्ता. सलग म्हणजे आहे तो.”

“आहे तो? मग मागच्या गल्लीच्या हरकती...”

“मंजूर!” त्याचा चेहरा उजळला. “बाई, नवा कायदा झाल्यापासून मोठे रस्ते राज्य सरकार ठरवतं. शहर कुठे वाढवायचं ते वर ठरतं, आम्ही फक्त शिक्के मारतो. आमच्या हातात उरल्यात जुन्या गल्ल्या. एक्केचाळीस जणांनी लिहून दिलं, आमच्या दारात रस्ता नको. दोन वर्षांत पहिल्यांदा आम्हाला काहीतरी मंजूर करता आलं! पेढे नाही वाटले एवढंच.”

“म्हणजे काकूंच्या दारातली गल्ली...”

“रद्द.”

“आणि आमची हरकत? आत्ता लिहून देते!”

“मुदत संपली. वर कळवलंय, तुमच्या गल्लीतून एकही हरकत नाही. म्हणजे संमती.”

“नगराध्यक्ष तर म्हणाले होते, एक वीट हलू देणार नाही!”

“ते खरंच हलवणार नाहीत, बाई. विटा हलवायचा अधिकारच नाही राहिला त्यांना. राज्याची माणसं येतील.”

बाहेर पडले तर पायरीवर काकू. “आमचा रस्ता गेला म्हणे! आता मी घरातून बाहेर पडू कशी? उडत?” त्यांनी माझ्या हातातला खाकी नकाशा घेतला आणि त्याचे बारीक बारीक तुकडे केले. तुटक आणि सलग, दोन्ही रेघांवर कागद अगदी सारखा फाटला.

संध्याकाळी दीर आले. बाबांच्या पलंगाशीच बसलो, कारण बसायला दुसरी जागा नव्हती. बाबांना डुलकी लागली होती, म्हणून हळू आवाजात.

“कोर्टात जाऊ,” हे म्हणाले.

“राज्याचा कायदा आहे, दादा. कोर्ट काय करणार?” दीर म्हणाले. “त्यापेक्षा मुदत वाढवून मागू.”

“खिडक्या काढून घेता येतील का?” मी विचारलं. मला खिडक्यांचं काय पडलं होतं! पण काहीतरी बोलत राहायला हवं होतं.

“दरवाजाही चांगला आहे,” दीर म्हणाले.

“सागवानी,” हे म्हणाले.

“सामान कुठे ठेवायचं ते ठरवू आधी,” मी म्हटलं. “कपाट भावजींकडे, मशीन आमच्याबरोबर...”

“कपाट चार मजले चढवणार कोण, वहिनी?”

“चौघांनी उचललं की चढेल.”

“बरं, कपाट नेतो मी. कपाटाचं काही नाही.”

आणि मग तिघांनीही जमिनीकडे पाहिलं.

“झालं?” पलंगावरून आवाज आला. बाबांचे डोळे टक्क उघडे होते. “खिडक्या झाल्या, दार झालं, कपाटालासुद्धा घर मिळालं. आता सांगून टाका रे, मी तुम्हा दोघांनाही नको आहे.”