नांगरताना हाय टाकत नसतात

कोल्हारच्या हनुमंतरावांचा ट्रॅक्टर दिवाळीत विकला गेला. मणक्यामुळे डॉक्टरांनी धक्के बंद केले होते. वडिलांचं उतरलेलं तोंड पाहवेना म्हणून पुण्याच्या प्रशांतने त्यांना आपला लॅपटॉप दिला आणि त्यावर शेत नांगरायचा गेम टाकून दिला. झालं, डॉक्टरांनी बंद केलेले धक्के आता लॅपटॉपवर बसू लागले. ट्रॅक्टर दोन हात चालायचा, थिजायचा आणि मग उडी मारून थेट बांधावर जायचा.

एरवी त्यांनी ते सोसलं असतं. पण रविवारी चार वाजता संगमनेरहून व्याही बिभीषणराव येणार होते. दोघांचाही जन्म ट्रॅक्टरवर गेलेला. "आमच्या व्याह्यांचं नांगराचं तास जरा वाकडं जातं," असं बिभीषणराव लग्नाच्या पंगतीत बोलून गेले होते. त्याला सहा वर्षं झाली, तरी तो घास हनुमंतरावांच्या घशाखाली उतरला नव्हता. या खेपेला हनुमंतरावांनीच फोनवर आव्हान दिलं होतं. गेममध्ये दोघांनी नांगरायचं, ज्याच्या तासाची रेघ सरळ, तो खरा ड्रायव्हर.

रविवारी दुपारी त्यांनी प्रशांतला फोन लावला.

"आरं, लई अडकतंय हे!"

"अण्णा, त्यात दोन ग्राफिक्स कार्डं आहेत. साध्या कामाला लहान, गेमला मोठं. तुमचा गेम लहान कार्डावर चालतोय. मी मागे सांगितलं ते सेटिंग उघडा, गेमचं नाव दाबा आणि ग्राफिक्स हाय करा."

"हाय."

"केलं?"

"काय केलं?"

"हाय!"

"हाय म्हनतोय न्हवं मी? ग्राफिक हाय, लॅपटॉप हाय, तुझी आईबी हितंच हाय. फकस्त ट्रॅक्टर चालत न्हाई!"

पलीकडून प्रशांत पाणी प्यायल्याचा आवाज आला.

"अण्णा, ट्रॅक्टरला हाय-लो गिअर असतो ना? तसलं हाय."

इथे लेकाचं चुकलं. ट्रॅक्टरच्या गोष्टीत बापाला शिकवायला जाऊ नये.

"नांगरताना हाय टाकतोस व्हय रं? हाय रस्त्याला. नांगराला जोर लागतो, तवा लो!"

"इथे उलटं असतं, अण्णा."

"चाळीस वर्सं ट्रॅक्टर हाकला म्या. कुनाला सांगतोस?" म्हणत त्यांनी फोन ठेवला.

पडद्यावर तीन गोल होते. मधल्या गोलापुढची इंग्रजी अक्षरं हनुमंतरावांनी एकेक करून लावली. 'पॉवर' एवढं लागलं. पुढे 'सेव्हिंग' होतं, पण नांगराला पॉवर हवी, ती मिळाली. त्यांनी गोल दाबला. ट्रॅक्टर तसाच अडकला. यंत्र तापलं असेल, भार हलका करावा, म्हणून त्यांनी चार्जरही उपसला. मग मात्र ट्रॅक्टर जागच्या जागीच रुतला.

पावणेचारला दारात मोटारसायकल वाजली. व्याही पंधरा मिनिटं आधीच आले होते. तेवढ्यात प्रशांतची आई भीमाबाई कानाला मोबाईल लावून स्वयंपाकघरातून आल्या.

"अवो, सरका तिकडं. पोरगं म्हनतंय चार्जर लावा, खालचा हायचा गोल दाबा आन् गेम बंद करून परत चालू करा." बोलता बोलता त्यांनी ते केलंही.

आणि ट्रॅक्टर डांबरी रस्त्याला लागल्यासारखा चालू लागला! हनुमंतरावांना गहिवरून आलं. बिभीषणराव शेजारी खुर्ची ओढून बसले. हनुमंतरावांनी मिशीवरून हात फिरवला आणि शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात तास घेतलं. पडदा लख्ख होता. प्रत्येक ढेकूळ दिसत होतं, आणि तास किती वाकडं गेलंय तेही.

बिभीषणराव गालात हसले. "सरा व्याही, आता आमी दावतो."

त्यांनी माऊस धरला. त्यांचा ट्रॅक्टर निघाला, डावीकडे कलला, बांध ओलांडून शेजाऱ्याच्या उसात शिरला आणि ऊस संपल्यावरच थांबला.

भीमाबाई चहा ठेवून गेल्या. दोघांनी बशीत ओतून तो प्यायला. मग फोन वाजला. प्रशांत होता. हनुमंतरावांनी स्पीकर लावला.

"अण्णा, आता तरी नीट चालतंय ना?"

दोन्ही व्याह्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"कशाचं नीट!" हनुमंतराव म्हणाले.

"न्हाई वो जावईबापू," बिभीषणराव फोनकडे वाकून म्हणाले, "लई अडकतंय."