गव्याच्या डोक्यावरचा चंद्र

माझी नजर घारीची, कान सशाचे आणि चाल बिबट्याची आहे, असं ब्रह्मपुरीत बोललं जातं. सुरुवात मीच केली होती, पण बोललं जातं हे खरं. मी राजदीप रामटेके, खासगी गुप्तहेर. ओळख गुप्त राहावी म्हणून बसस्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान चालवतो. माझा साळा निकेश हा माझा सहायक. हेरगिरीचा एकही गुण त्याच्या अंगात नाही, पण मोटारसायकल त्याची आहे.

जवळच्या खेड्यातली दिव्यानी दुकानात आली ती आधार कार्डाची झेरॉक्स काढायला. केस मी स्वतःहून घेतली. तिची सासू शकुबाई जंगलातल्या जनावरांची चित्रं रंगवते आणि दिव्यानी त्यांचे फोटो काढून एका वेबसाइटवर विकायला ठेवते.

"भाऊ, आमचं गव्याचं चित्र पुण्याहून वापस आलं," ती म्हणाली. "नीलिमा नावाच्या बाईनं घेतलं होतं. ते म्हणते, फोटोत गव्याच्या डोक्यावर चंद्र आहे, चित्रात नाई. म्हणून हे अस्सल नोहे, नक्कल होय. वेबसाइटवाल्यांनी आमचं दुकानच बंद करून ठेवलं."

अस्सल आणि नक्कल! आयुष्यभर याच दोन गोष्टींच्या मधोमध उभा राहून मी मशीनचं बटण दाबत आलो आहे. दुकानाचं शटर ओढलं आणि आम्ही निघालो.

शकुबाई चुलीजवळ बसली होती. रंगांचे डबे झाकणं लावून कोपऱ्यात सारलेले. "मी कोनाचं पाहून काढत नाई जी," ती हळूच म्हणाली. "तो गवा मी सोता पाह्यला तळ्यावर. आता हातात बुरूशच घ्यावा नाई वाटत."

मी आधी फोटो पाहिला. तळं, पाण्याशी वाकलेला गवा आणि त्याच्या डोक्यावर लखलखीत गोल चंद्र. मग परत आलेलं चित्र पाहिलं. तळं होतं, गवाही होता, आकाश मात्र रिकामं.

"कोणी तरी चंद्र खरवडला," मी जाहीर केलं.

निकेशने चित्रावरून बोट फिरवलं. "खरवडल्याची खूण नाई, भाऊजी."

"मग प्रवासात उडाला. पांढरा रंग उष्णतेने उडतो."

"गव्याचे पाय पांढरेच आहेत. ते नाई उडाले."

सहायकाने किती बोलावं याला काही धरबंध असावा. मी तिसरा सिद्धान्त मांडला: पुण्याच्या वाटेवर टोळी बसली आहे, ती अस्सल चित्रं ठेवून घेते आणि नकला पुढे पाठवते. नक्कल करणारा घाईत चंद्र विसरला.

"पन हे माह्याच हातचं होय," शकुबाई म्हणाली. "आनि मी चंद्र काढलाच नोहता."

मी सावध झालो. फिर्यादीच बयाण बदलत होती.

"मले वाटलं, आईनं काढला," दिव्यानी म्हणाली.

"अन् मले वाटलं, फोनच काढते," शकुबाई म्हणाली. "फोनात सगळं चांगलंच दिसते."

तेवढ्यात शकुबाईचा नवरा दादाजी अंगणातून आत आला. माझी घारीची नजर त्याच्या अंगठ्यावर गेली. अंगठा पांढरा! मी त्याचा हात पकडून वर केला.

"हा पांढरा रंग कुठून आला?"

"डबीतून," दादाजी म्हणाला आणि दुसऱ्या हाताने चुन्याची डबी पुढे केली. "तंबाखू खाता का जी?"

निकेशने खाल्ली. मी चंद्र शोधत राहिलो.

दादाजीने सुनेच्या हातातला फोन घेऊन फोटो बराच वेळ पाहिला. "हा फोटो कुठी काढला, पोरी?"

"या भिताडापाशीच. दुपारी."

"माकडानं छपराचं कवेलू फोडलं होतं, तवा?"

दिव्यानीने मान वर केली.  दादाजी बाहेर गेला. छपरावर खडखड झाली, एक कवेलू सरकलं आणि उन्हाचा गोल, लखलखीत कवडसा भिंतीवर पडला. दिव्यानीने चित्र त्याखाली धरलं. गव्याच्या डोक्यावर चंद्र उगवला. फोटोतल्यापेक्षा थोडा डावीकडे होता, पण चंद्र म्हटला की सरकायचाच.

दिव्यानीने त्याचा व्हिडिओ काढून पुण्याला पाठवला. थोड्याच वेळात नीलिमाबाईंचा फोन आला. दिव्यानीने स्पीकर लावून तो सासूच्या हातात दिला. नीलिमाबाई इतक्या हसत होत्या की पहिली दोन वाक्यं कळलीच नाहीत. मग त्यांनी माफी मागितली, तक्रार मागे घेते म्हणाल्या आणि जरा बिचकत विचारलं, "शकुबाई, आता तेवढा चंद्र खरोखरच काढून द्याल का? मला तो फार आवडला होता."

शकुबाईने चित्राकडे पाहिलं. "ते दुपार होय, बाई. गवा उन्हातून चालत आला आहे. मी चंद्र काढला, तर त्याची तहानच निघून जाईन."



"मग आहे तसंच पाठवा," नीलिमाबाई म्हणाल्या.

शकुबाईने फोन सुनेच्या हातात दिला, कोपऱ्यातला एक डबा पुढे ओढला आणि त्याचं झाकण उघडलं.

"आता लावू का कवेलू," छपरावरून दादाजीने विचारलं, "का अजून काई शोधाचं आहे?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी वर बघून परवानगी दिली. कोणी तरी द्यायला हवीच होती.