चंपालालशेठ आणि नितळ तळे

मासळीचा वास आला की नाकाला उपरणे लावणारे चंपालालशेठ आमच्या गावात सर्वांत जास्त मासे विकत घेत असत. यात विसंगती वाटेल, पण ती नव्हती. शेठजी धान्याचे व्यापारी, धर्माने जैन. मासा जिवंत असेल तरच ते घेत आणि घेतल्या जागी पुन्हा पाण्यात सोडून देत. पाचोऱ्याच्या रस्त्यावरचे ते तळे म्हणजे त्यांचे दुसरे घर. पहिल्या घरी मूलबाळ नव्हते.

रोज सकाळी कणकेच्या गोळ्यांची टोपली घेऊन ते पायरीवर बसत आणि "आवो रे, आवो" अशी साद घालत. मी शाळेत विज्ञान शिकवीत असे आणि फिरायला त्याच वाटेने जाई.

"शेठजी, मासा स्वभावतः किडे खातो. कणीक नव्हे," मी एकदा म्हणालो.

"गुरुजी, भुकेला जात नसते." हे त्यांचे ठरलेले वाक्य.

पलीकडच्या काठावर दगडूनाना भोई जाळे सोडून बसलेला असे. "शेठ, तुम्ही चारा, आम्ही धरसूत!" तो ओरडे. फाटक्या शेपटीचा एक थोराड मासा तर त्याने इतक्या वेळा धरला आणि शेठजींना विकला, की शेठजींनी त्याचे नाव 'मुनीमजी' ठेवले. कारण, कुठेही गेला तरी हा हजेरीला परत येतो. "घ्या शेठ, तुमना मुनीम परत उना," म्हणत नाना बादली पुढे करी. शेठजी एका हाताने उपरणे नाकाशी धरीत आणि दुसऱ्याने बादली पाण्यात उलटी करीत.

सत्तर सालच्या सुमारास तळ्याच्या वरच्या अंगाला तेजाबाचा, म्हणजे आम्लाचा, कारखाना आला. गावाने चिमणीला हार घालायचेच काय ते बाकी ठेवले. धूर पिवळसर होता. असा धूर पावसात विरघळला की त्याचे आम्ल होते, हे मी वर्गात फळ्यावर लिहून देत असे. तेच आता आमच्या पत्र्यांवर आणि तळ्यावर पडू लागले. आम्ल मोठ्या माशाला लगेच मारत नाही. आधी अंडी मारते. मग शेवाळ आणि किडेही जातात, आणि पाणी सुंदर दिसू लागते. नगराध्यक्षांनी "आमचे तळे आरशासारखे" असे भाषण करून काठावर बाके बसवली.

"गुरुजी, यंदा पिल्लं का नाही दिसत?" शेठजींनी विचारले.

मी निळा लिटमस कागद पाण्यात बुडवला. तो लाल झाला. मी कारण समजावून सांगितले, आम्ल म्हणजे आंबट हेही. शेठजींनी तो कागद उलटून पाहिला.

"म्हणजे आभाळच खट्टं झालं?"

आम्ही दोघे कारखान्यात गेलो. साहेबांनी चहा पाजला, सारे नम्रपणे ऐकून घेतले आणि विचारले, "शेठजी, मासे तर तुम्ही खात नाही. मग तुमचं काय गेलं?"

शेठजींनी बशी खाली ठेवली आणि ते उठले. मीही त्यांच्यामागे बाहेर पडलो.

पुढच्या वर्षी गोळ्यांना एकटा मुनीमजीच येई. मग तोही येईना. तेव्हा जन्मभर जाळ्याला शिव्याशाप देणाऱ्या शेठजींनी दगडूनानासमोर हात जोडले.

"नाना, जाळं टाक. मुनीमजीला धर. माझ्या विहिरीत सोडतो त्याला."

"शेठ, तुम्ही सांगतस?" नाना हसायला गेला, पण ते त्याला जमले नाही.

त्याने चारही काठांवरून जाळे टाकले. पाणी इतके नितळ होते की जाळे तळाला टेकलेले दिसे. शेवटी जाळ्यात आल्या त्या सकाळच्या कणकेच्या गोळ्या, अख्ख्या आणि पांढऱ्या.

"बठ्ठं सरनं, शेठ. काहीच नही ऱ्हायनं," नाना म्हणाला.

शेठजींनी एकेक गोळी जाळ्यातून सोडवून टोपलीत ठेवली. जाळ्याला त्यांचा हात त्या दिवशी प्रथमच लागला. मग त्यांनी उपरणे खांद्यावर टाकले आणि ते ओले जाळे दोन्ही हातांनी उचलून नाकाशी नेले.

"नाना," ते म्हणाले, "वास पण गेला रे."