तोंडावाटे द्यावयाची लस

धुळे तालुक्यातल्या एका गावी गुरांच्या दवाखान्यात अभिमन बोरसे हे शासकीय नोकर होते, आणि त्यांना चॉकलेट खाण्याची इच्छा झाली. या दोन गोष्टी एकत्र येऊ नयेत म्हणून शासन एरवी पुष्कळ काळजी घेते. पण नव्वद सालच्या मे महिन्यात त्यांना प्रशिक्षणासाठी मुंबईला धाडण्यात आले. तिथे एका बड्या हॉटेलाच्या तळमजल्यावर मिठाईचे दुकान होते आणि काचेमागे ट्रफल मांडले होते.

ट्रफल म्हणजे चॉकलेटचा छोटा लाडू. बाहेरून कोकोची पूड, आतून लोणी. अभिमनभाऊ खंडीभर भावंडांच्या घरात वाढलेले. पेढा आला की अर्धा, आंबा आला की कोय. जन्मात एक पदार्थ त्यांनी अख्खा, एकट्याने, दार लावून खाल्ला नव्हता. बायकोपोरं सुट्टीत यावलला माहेरी गेलेली. आता नाही तर कधी? त्यांनी मन घट्ट करून लहानसा डबा घेतला.

"थंड जागी ठेवा हं," विकणारी मुलगी म्हणाली.

धुळ्याच्या मे महिन्यात थंड जागा! बाईंना काय जातंय सांगायला? गावात फ्रिज एकच, दवाखान्यातला, लशींचा. त्यात लशीखेरीज काहीही ठेवण्यास सक्त मनाई. शेजारच्या गावच्या दवाखान्यातला एक जण ताकाच्या तांब्यापायी निलंबित झाला होता. तरी रात्रीच्या एस.टी.तून उतरल्या उतरल्या अभिमनभाऊंनी डबा लशींच्या मागे सारला. संध्याकाळपर्यंतचाच तर प्रश्न होता.

दुपारीच जिल्ह्याच्या साहेबांची जीप दारात उभी राहिली. अचानक तपासणी. साहेबांनी फ्रिज उघडला, हात आत घातला आणि नेमका तोच डबा बाहेर काढला.

"हे काय?"

"लस, साहेब," अभिमनभाऊ बोलून गेले. "नवीन. तोंडावाटे द्यायची."

साहेबांनी झाकण उघडून वास घेतला आणि ओठांवरून जीभ फिरवली. वास त्यांना ओळखता आला नाही असे नव्हे. परंतु जिल्ह्यात नवी लस आली आणि ती आपल्यालाच ठाऊक नाही, हे कबूल करणे त्यांच्या हुद्द्याला झेपणारे नव्हते.

"अच्छा, ती होय! परिपत्रक वाचलंय मी. मग इथे काय सडवत ठेवलीत? द्या, माझ्यासमोर द्या!"

गावातल्या भागाबाईची म्हैस तपासणीसाठी लाकडी खोड्यातच उभी होती. अभिमनभाऊंनी स्वतःच्या हातांनी पहिला ट्रफल तिच्या जिभेवर ठेवला. म्हशीने डोळे मिटले आणि कितीतरी वेळ ती तशीच उभी राहिली. अभिमनभाऊंना भडभडून आले. परिचर मगनने त्याला कर्तव्यनिष्ठा समजून त्यांची पाठ थोपटली, आणि साहेब खूश होऊन अहवाल लिहायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी भागाबाई हजर. "मन्ही म्हैसनं दूध वाढी गयं, डॉक्टरभाऊ! आखो एक गोयी द्या!"

दूध वाढले नव्हते. पण फुकटची वस्तू दुसऱ्यांदा मागायची तर पहिलीचा गुण सांगावाच लागतो. झाले, गावभर बोभाटा झाला. सरपंचांचा बैल आला. माजी सरपंचांचा बैल मागे कसा राहील? पंचायत समितीच्या सभापतींनी चिठ्ठी देऊन घोडी पाठवली. घोडीच्या दुधाचा विषय कोणी काढला नाही. डब्यात शेवटचा एक ट्रफल उरला तेव्हा साहेबांचा निरोप आला, "नमुना बर्फात घालून पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवा."

अभिमनभाऊंनी बर्फ आणला. दार लावले. आणि ट्रफल तोंडात टाकला.

अहाहा! सांगता सोय नाही. जिभेवर तो विरघळत गेला तसे त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. तेवढ्यात खिडकीत भागाबाई उभी राहिली. तिने त्यांच्या मिशीवरची पूड पाहिली आणि बोंब ठोकली, "ढोरेस्ना तोंडना घास खाई टाका यानी!"

साहेब जातीने पंचनाम्याला आले. "शासकीय लस स्वतः प्राशन करून मुक्या जनावरांना वंचित ठेवले" असा आरोप होता.

"साहेब, चॉकलेट होतं ते. माझ्या पैशाचं, माझं!"

"मग मी जीपमधून येऊन चॉकलेटचं प्रात्यक्षिक घेतलं म्हणता? अहवाल वर गेलाय, बोरसे. वर ती लसच आहे."

नोकरी जाणार हे अभिमनभाऊंना कळून चुकले.

"पश्चात्ताप होतोय का?" साहेबांनी विचारले.

"होतोय, साहेब. पहिलाच खायला हवा होता."

मग रिकामा डबा पंचांमध्ये फिरला. हेडमास्तरांनी तो हुंगला. "वास तर..." ते म्हणाले. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिले. "...लशीचाच आहे," म्हणत मास्तरांनी सही केली. पोस्टमास्तरांनी बोट फिरवून डब्याचा तळ चाटला आणि सही केली. सरपंच आणि माजी सरपंच एका कागदावर प्रथमच एकत्र आले.

साहेबांना पंच पाच हवे होते. पाचवी जागा अजून रिकामी आहे. अडाणी नको, साहेबांनी मगनला बजावले आहे, शिकलासवरलेला बघ, चार गोष्टी वाचणारा, वाचून हसणारा, आणि मग आपल्या कामाला लागणारा. मगन पत्ता विचारत तुमच्याच घराकडे निघाला आहे. पेनसुद्धा त्याने बरोबर घेतले आहे.